ट्रान्सफरचा अर्ज गेला, निकाल यायचाय: गोव्यातून अमेरिकी विद्यापीठात बदली मागणाऱ्यांसाठी

इथल्या कॉलेजात शिकत असतानाच अमेरिकी विद्यापीठाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात जाण्याचा, म्हणजे बदलीचा, अर्ज मार्चमध्ये पाठवला की एप्रिल आणि मे हे दोन महिने पोर्टल उघडून पाहण्यात जातात. झोपण्यापूर्वी एकदा, पहाटे पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पुन्हा एकदा. स्क्रीनवर तीच ओळ असते: अर्ज विचाराधीन. मग घरातली माणसे त्या ओळीचा अर्थ लावू लागतात. शेजारच्या मुलाला आठवड्यात उत्तर आले, आपल्याला दीड महिना नाही, म्हणजे नक्कीच नकार.

तसे नसते. बदलीचे निकाल उशिरा लागतात ते जागांच्या हिशेबामुळे. बारावीनंतर थेट प्रवेश मिळालेल्या मुलांनी आपले उत्तर कळवायची सर्वमान्य तारीख १ मे आहे. त्यांच्यातली किती येणार आणि आधीच शिकणाऱ्यांतली किती सोडून जाणार, हे कळल्यावरच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात किती बाके रिकामी राहतात ते ठरते. म्हणून बऱ्याच खासगी विद्यापीठांचे बदलीचे निकाल मेच्या मध्यापासून जूनपर्यंत येत राहतात. ‘रोलिंग’ पद्धतीची विद्यापीठे जसजसे अर्ज येतील तसतसे निकाल देतात, पण फाइल पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मोजून. अर्ज पाठवल्याच्या दिवसापासून नव्हे. ‘पूर्ण’ या शब्दावरच निम्म्या मुलांचे घोडे अडते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

फाइल पूर्ण आहे का, हे आधी पाहा

अर्ज गेल्यावर काही दिवसांत विद्यापीठाकडून पोर्टलचे लॉगिन येते. आले नाही तर स्पॅम आणि प्रमोशन्सचे कप्पे बघा. पणजी-मडगावच्या एखाद्या सल्लागाराकडून अर्ज भरला असेल तर त्याने कुठला ईमेल घातला आहे ते विचारा. त्याचा स्वतःचा असेल तर तो आजच बदलून घ्या, पासवर्डही आपल्याकडे घ्या. विद्यापीठाने मागितलेला कागद सल्लागाराच्या इनबॉक्समध्ये तीन आठवडे पडून राहिला, तर विद्यापीठाच्या लेखी तो तुम्हीच दिला नाही.

पोर्टलमधल्या यादीत बहुधा हे कागद असतात: दहावी-बारावीचे गुण, कॉलेजची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरांच्या गुणांचा दाखला), कॉलेज रिपोर्ट, मिड-टर्म रिपोर्ट, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि खर्चाची तरतूद दाखवणारे कागद. पाठवलेला कागद ‘मिळाला’ म्हणून नोंदवायला गर्दीच्या दिवसांत एक ते दोन आठवडे सहज लागतात. तेवढे थांबा. त्यानंतरही खूण बदलली नाही तर लिहा.

ट्रान्स्क्रिप्टमध्ये घोळ होतो तो असा. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली मार्कशीट त्यांच्या दृष्टीने अनधिकृत असते. अधिकृत म्हणजे संस्थेने स्वतः पाठवलेली, अधिकृत ईमेलवरून किंवा पाकिटाच्या झडपेवर सही-शिक्का मारून बंद केलेली. तुमची मार्कशीट कॉलेजने दिली आहे की गोवा विद्यापीठाने, हे आधी पाहा. जिने दिली तिनेच ट्रान्स्क्रिप्ट द्यायची. पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट कॉलेजची असताना थेट ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात जाऊन खिडकीपाशी उभे राहिलात, तर अर्धा दिवस फुकट जाईल. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, त्यात किती प्रती हव्यात ते लिहा आणि दोन-तीन बंद पाकिटे जास्तीची मागून ठेवा. सोबत गुणपद्धतीचा तक्ता जोडायला सांगा. आपल्याकडच्या दहा गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे सर्वोत्तम, मग ए प्लस, ए, बी प्लस. तिकडच्या ए-बी-सी-डीच्या पद्धतीत ओ नसतोच. तक्ता नसेल तर वाचणाऱ्याला त्याचा अर्थ शोधत बसावे लागते.

टक्केवारी किंवा श्रेणीचे चारपैकी मोजल्या जाणाऱ्या जीपीएत (सरासरी गुणांकात) रूपांतर स्वतः करून पाठवू नका. आपल्याकडे ६८ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, तिकडच्या सरधोपट मापात तीच डी ठरेल. आकडा मूळ पद्धतीतच ठेवा, ते त्यांच्या तक्त्याने बदलून घेतात. डब्ल्यूईएससारख्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल विद्यापीठाने मागितला असेल तरच काढा, आणि तो विषयवार हवा की फक्त कागदपत्रांपुरता, हे त्यांच्या पानावर नीट वाचा. बदलीसाठी मागितला जातो तो बहुधा विषयवार.

कॉलेज रिपोर्ट हा कागद आपल्या कॉलेजांत फारसा कुणी पाहिलेला नसतो. त्यात कॉलेजला दोनच गोष्टी विचारल्या आहेत: हा विद्यार्थी सध्या नियमानुसार शिकत आहे का, आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का. ऑफिसातून मात्र सवयीने बोनाफाईड मिळते. बोनाफाईडमध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसते आणि फाइल अपूर्णच राहते. फॉर्म छापून न्या, जिथे खूण हवी तिथे पेन्सिलीने टिंब करा आणि उपप्राचार्यांना दोन मिनिटांत समजावून सांगा.

मिड-टर्म रिपोर्ट म्हणजे चालू सेमिस्टरच्या प्रत्येक विषयात आजवर किती गुण, आणि त्यावर त्या त्या शिक्षकाची सही. मार्चमध्ये आपल्याकडे सेमिस्टर चालू असते, सेमिस्टरअखेरची परीक्षा (एसईए) एप्रिल-मेमध्ये. हातात असतात ते फक्त आयएसएचे, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत चाचण्यांचे गुण. शिक्षक म्हणतात, परीक्षा व्हायच्या आधी मी ग्रेड कसा लिहू? ग्रेड लिहू नका, म्हणून सांगा. आयएसएचे मिळालेले गुण आणि एकूण गुण, एवढेच लिहिले तरी चालते. रकाना कोरा ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

शिफारसपत्रांबद्दल एवढेच: प्राध्यापकांनी कॉलेजचा अधिकृत ईमेल वापरावा. खासगी जीमेलवरून आलेले पत्र काही ठिकाणी पडताळणीसाठी बाजूला काढतात.

नावांचा घोळ

हा खास आपला प्रश्न आहे. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे, आजोबांच्या पोर्तुगीजकालीन दाखल्यावर तिसरेच. कामतांचे कामोतिम, नाईकांचे नायक. त्यात आईचे नाव कुठे मधे तर कुठे गाळलेले. अमेरिकी विद्यापीठाची यंत्रणा नाव आणि जन्मतारीख जुळवून कागद फाइलला जोडते. जुळले नाही तर कागद हरवत नाही, पण कुठल्याच फाइलला न चिकटता वेगळ्या ढिगात पडतो, आणि पोर्टलवर ‘प्रतीक्षेत’ दिसत राहतो.

पासपोर्टवरचे नाव प्रमाण माना. अर्ज, टोफेल किंवा आयईएल्टीएसची नोंदणी, सगळीकडे तेच. जुन्या मार्कशीटवर वेगळे असेल तर अर्जातल्या ‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात ते घाला आणि प्रवेश कार्यालयाला अर्ज क्रमांकासह एक ईमेल करून ठेवा. गोव्यात नाव किंवा आडनाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे बदल झाला असेल तर त्या दाखल्याची इंग्रजी प्रत जोडा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

अर्ज वाचतात कसा

पहिली नजर ट्रान्स्क्रिप्टवर जाते. कॉलेजची दोन वर्षे झाली असतील तर बारावीला फार वजन राहत नाही. एकच सेमिस्टर झाले असेल तर कॉलेजचा पुरावा तुटपुंजा असतो, आणि मग पर्वरीच्या गोवा बोर्डाची बारावीची मार्कशीट जवळजवळ निम्मे काम करते. पहिल्याच वर्षी अर्ज करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

दुसरी नजर विषयांवर. मागितलेल्या शाखेत तिसऱ्या सेमिस्टरला बसायला लागणारे पाया-विषय झाले आहेत का? इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्राला बहुधा कॅल्क्युलसचे दोन भाग आणि कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्र लागते. बीसीएच्या मुलांचे गुण कितीही चांगले असले तरी भौतिकशास्त्र नसल्याने ती इथे अडतात. भरगच्च मागणीच्या शाखांत फाइल प्रवेश कार्यालयातून त्या विभागाकडे जाते, तिथे प्राध्यापक किंवा विभागाचे अधिकारी बघतात, आणि तिथला आठवडा-पंधरवडा तुम्हाला पोर्टलवर दिसत नाही. ओळ तीच राहते, फाइल मात्र फिरत असते.

तिसरा प्रश्न: इथेच का, आणि आत्ताच का. ‘माझ्या कॉलेजात सोयी नाहीत’ हे उत्तर वाचणाऱ्याने शंभरदा वाचलेले असते. गोवा सोडण्याची तक्रार करणारा निबंध पडतो. अमुक विभागातला अमुक अभ्यासक्रम, तो आपल्याकडे नाही आणि त्याशिवाय पुढचे पाऊल अडते, असे नेमके सांगणारा टिकतो.

चौथा भाग पैशाचा. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर अनेक विद्यापीठे ती गोष्ट निर्णयात धरतात. काही मोजकी धरत नाहीत. आपल्या यादीतले प्रत्येक नाव कुठल्या गटात आहे, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले असते.

साधारणपणे फाइल एकापेक्षा जास्त जण वाचतात, टिपण लिहितात, काठावरच्या फाइली समितीपुढे जातात. चांगली फाइलही नाकारली जाते, कारण त्या शाखेत त्या वर्षी चारच बाके रिकामी असतात. हार्वर्ड स्वतः सांगते की ते वर्षाला सरासरी १२ च बदली विद्यार्थी घेतात. प्रिन्स्टनने तर १९९० पासून हा दरवाजा बंदच ठेवला होता, तो २०१८ मध्ये पुन्हा उघडला. याउलट मोठी सरकारी विद्यापीठे शेकड्यांनी, हजारांनी घेतात.

आपल्या विद्यापीठाचा खरा आकडा हवा असेल तर त्याच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधा आणि त्यातला ‘डी’ विभाग उघडा. किती अर्ज आले, किती घेतले, किती प्रत्यक्ष दाखल झाले, किमान किती ग्रेड असलेला विषय चालतो, बाहेरचे जास्तीत जास्त किती क्रेडिट घेतात, सगळे तिथे असते. अफवा ऐकण्यापेक्षा ही दोन पाने वाचावीत. मात्र हा आकडा देशी-परदेशी सगळ्या अर्जदारांचा मिळून असतो, हे विसरू नका.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मामला वेगळा. तिथे मुख्यतः तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, ६० सेमिस्टर क्रेडिट झालेले लागतात आणि प्राधान्य तिथल्या कम्युनिटी कॉलेजांतल्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतल्या) मुलांना. एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलाने तिथे अर्ज केला असेल तर निकालाची वाट पाहण्यात काही हशील नाही.

चाळीसचे तीस का होतात

गोव्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. त्यात वर्षाला ४० क्रेडिट, चार वर्षांत १६०. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटची, वर्षाला ३०. म्हणून तुमचे ४० म्हणजे त्यांचे ४० नव्हेत. पूर्ण वर्ष मान्य झाले तर हातात येतात साधारण ३०. त्यातही कौशल्य आणि मूल्य-शिक्षणाचे छोटे विषय गळतात, राहतात ते मुख्य, गौण आणि बहुविद्याशाखीय. मराठी किंवा कोकणीचा पेपर कधी परकीय भाषेच्या खात्यात जातो, कधी ऐच्छिकात. इंग्रजी लेखनाचे दोन पेपर मात्र बहुतेक ठिकाणी तिथेच जाऊन करावे लागतात.

वाट पाहण्याच्या काळात करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम इथे आहे. मोठ्या विद्यापीठांत आधी तपासलेल्या विषयांची समतुल्यता-यादी असते, तीत गोव्यातली कॉलेजे बहुधा नसतात. म्हणजे तुमचा प्रत्येक पेपर कुणीतरी हाताने तपासणार. त्यासाठी प्रत्येक विषयाचे एक पान तयार ठेवा: विषयाचे नाव आणि कोड, क्रेडिट, तास (थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०), घटकवार अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि त्याची आवृत्ती, आयएसए-एसईएची विभागणी. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहू नका. कॉलेजचा शिक्का प्रत्येक पानावर. दहा विषय असतील तर दोन संध्याकाळींचे काम, आणि यामुळे पुढे एखादा विषय पुन्हा करण्याची फी वाचू शकते.

कधी लिहावे, कधी गप्प बसावे

लिहिण्याची कारणे तीनच: कागद पोहोचूनही दोन आठवडे खूण बदलली नाही, नवे गुण हातात आले, किंवा पत्ता-पासपोर्टसारखी माहिती बदलली. ‘निकाल कधी?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पानावर छापलेलेच असते, तो विचारू नका. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक, मजकुरात एकच प्रश्न, चार ओळींत. पत्र विद्यार्थ्याने लिहावे. बाबांनी लिहिले तर उत्तर गोलमाल येते किंवा येतच नाही.

दुसऱ्या सेमिस्टरचे गुण लागले आणि निकाल अजून नसेल, तर विद्यापीठ घेत असेल तेव्हा एकदाच पाठवा. कॅलिफोर्निया विद्यापीठात यासाठी जानेवारीत वेगळा फॉर्म असतो, तो न भरणाऱ्यांच्या फाइली तिथेच थांबतात.

घड्याळाचेही एक गणित आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, लॉस एंजेलिस साडेबारा. तिथल्या संध्याकाळी पाचला निकाल लावणारे पूर्व किनाऱ्यावरचे विद्यापीठ तो आपल्या रात्री अडीचला लावते, पश्चिमेचे पहाटे साडेपाचला. दुपारी दोनला पोर्टल उघडण्यात काहीच अर्थ नाही, त्या वेळी तिकडे कुणी ऑफिसात नसते. सकाळी एकदा बघा.

इथली दोरी सोडू नका

निकालाआधी कॉलेज सोडल्याचा दाखला किंवा मायग्रेशन काढू नका. व्हिसाचा शिक्का लागेपर्यंत नकोच. एसईए नीट द्या, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. प्रवेश मिळाला तरी तो चालू सेमिस्टरच्या अंतिम गुणांच्या अटीवर असतो, आणि मेमध्ये हातातला पेपर सोडलेल्यांचे प्रवेश ऑगस्टमध्ये रद्द होतात. जूनमध्ये तिसऱ्या सेमिस्टरची फी भरायची वेळ येते तेव्हा ती भरून टाका. वाया गेली तर काही हजार जातील. न भरता नकार आला तर वर्ष जाईल.

निकाल लागला की

होकार असेल तर अनामत भरण्याआधी क्रेडिटचा हिशेब लेखी मागा: किती मान्य, त्यातले मुख्य शाखेत किती, पदवीला आणखी किती सेमिस्टर. उत्तर देण्याची मुदत कधी दोनच आठवडे असते, म्हणून ती विषयांची पाने आधीच तयार हवीत.

मग आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रवेशाचे प्रमाणपत्र. त्यासाठी किमान एका वर्षाचा सगळा खर्च लगेच वापरता येईल अशा पैशांत दाखवावा लागतो: बचत खाते, मुदत ठेव, मंजूर शैक्षणिक कर्ज. फोंड्याचे कुळागर किंवा सासष्टीतल्या घराचे मूल्यांकन यात चालत नाही, सोनेही नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना आहे, पण मंजुरीला वेळ लागतो. होकाराची वाट न बघता एप्रिलमध्येच कागद गोळा करा.

आय-२० हाती आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर, व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म, व्हिसाचे १८५ डॉलर. गोवा मुंबईच्या वकिलातीच्या अखत्यारीत येतो, तेव्हा बोटांचे ठसे आणि मुलाखत यांसाठी मुंबईत दोन दिवस धरून चाला. मे-जूनमध्ये तारखा झपाट्याने भरतात. फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात प्रवेश मिळत नाही, म्हणून स्वस्तातले तिकीट आधी काढून फसू नका.

घरात पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांचा एक ठरलेला गैरसमज: युरोपीय पासपोर्ट आहे म्हणजे व्हिसा नको. फिरायला जाण्यापुरते ते खरे आहे. पदवीच्या शिक्षणाला त्यांनाही एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा लागतोच. अर्जात नागरिकत्व जे आहे तेच लिहा.

वेटलिस्ट आली तर त्या यादीत राहायचे असल्याची खूण पोर्टलवर लगेच करा, ती आपोआप होत नाही. सोबत एक पानाचे पत्र: नवे गुण, एखादी नवी गोष्ट, आणि जागा मिळाली तर नक्की येऊ, हे खरे असेल तरच.

नकार आला तर अपील बहुधा चालत नाही, गुणच चुकीचे पोहोचले असतील तर वेगळी गोष्ट. देशातल्याच दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या आपल्या सरकारी ऑनलाइन खात्यात, आपले क्रेडिट चढले आहेत का ते पाहा. ते सात वर्षे चालतात, मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे तरी कमवावे लागतात. अमेरिकेला पुन्हा अर्ज करायचा असेल तर एसवायला असताना करता येतो. तेव्हा कॅलिफोर्नियाचे दरवाजेही उघडतात, बारावीचे ओझे कमी होते, आणि न झालेला कॅल्क्युलस किंवा भौतिकशास्त्राचा पेपर मधल्या दोन सेमिस्टरांत गौण विषय म्हणून घेता येतो का, ते जूनमध्ये विषय निवडतानाच विचारून घ्या. टीवायपर्यंत मात्र थांबू नका. बहुतेक विद्यापीठे बाहेरचे साधारण दोन वर्षांचेच क्रेडिट धरतात, तिसरे वर्ष हिशेबातून गळते.